न चाखलेला दोस

मी खोटं बोललो, आणि तेही एका गोड पदार्थाबद्दल. न खाल्लेल्या वडीची तोंड भरून स्तुती केली. ऐकणाऱ्याला हसू यावं अशी ही चूक आहे. मीही बरीच वर्षं ती हसण्यावारी नेऊन बघितली. पण डिसेंबर आला, पार्सेच्या उतारावरच्या काजींना कोवळी तांबूस पालवी फुटली, सकाळी स्कूटरच्या सीटवरचं दव हाताने निपटून काढावं लागलं, की ती पुन्हा घशाशी येते. या वर्षी तिला घशात ठेवणं जमलं नाही.

आमच्या वाड्यावर ख्रिस्ती घर एकच, इनासमेस्त आणि कार्मेलिनबाय यांचं. इनासमेस्त सुतार. आमच्या घराच्या खिडक्या, आईचा जेवणाचा पाट, माझ्या मुलाचा पाळणा, सगळं त्यांच्या हातचं. आता त्यांना ऐकू येत नाही, हातही थरथरतात. दिवसभर बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसून रस्ता बघतात. मुलगी इंग्लंडला असते. आमच्या आणि त्यांच्या अंगणांच्या मधे निगडीचं कुंपण आहे, आणि त्या कुंपणाला इतक्या वर्षांच्या ये-जा करण्याने पडलेलं एक भगदाड. ते बुजवावं असं कुणालाच कधी वाटलं नाही.

आमच्याकडची थंडी ती काय! पहाटे गोधडी गळ्यापर्यंत ओढावीशी वाटते, एवढीच. पण तिच्यात वास फार लांबवर जातात. डिचोलीच्या कचेरीतून संध्याकाळी परतताना कोलवाळचा पूल ओलांडला की गवत जाळल्याचा वास येतो, मग कुणाच्या तरी पडवीत वाळत घातलेल्या सुपारीचा, आणि आमच्या वाटेला वळलं की, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, दोसाचा. चण्याची डाळ शिजवून वाटायची, तितकाच नारळ वाटायचा, साखर घालून मंद आचेवर ढवळत राहायचं, मिश्रण टोपाच्या कडा सोडू लागलं की तूप लावलेल्या पाटावर थापून सुरीने तिरक्या रेघा मारायच्या. याला दोस म्हणतात. कृती मी आता सांगू शकतो. वास मात्र लहानपणापासून पाठ आहे. कढीपत्ता तोडायचं निमित्त करून मी कुंपणापाशी उभा राहायचो आणि तोंडाला सुटलेलं पाणी गिळायचो.

गिळायचो, कारण आमच्या घरात ते खायचं नसे.

नाताळच्या दिवशी दुपारी कार्मेलिनबाय भगदाडातून यायची. अंगावर ठेवणीतला फुलाफुलांचा झगा, हातात क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं ताट. शेजाऱ्यांकडे पाठवायच्या या गोडाच्या ताटाला ते कोंसवाद म्हणतात. ताट आम्ही दोन्ही हातांनी घ्यायचो. "कशाला गो एवढा त्रास," असं आई म्हणायची. ती गेली की आतलं सगळं सुपात ओतायचं, ताट घासायचं, रिकामं परत करू नये म्हणून त्यात केळ्यांची फणी ठेवायची, आणि सूप बागायतीत कामाला आलेल्या माणसांकडे पाठवून द्यायचं. आजोबांपासून असंच चाललं होतं. फेकत तर नव्हतो ना, असं आम्ही स्वतःला सांगायचो. माणसांच्या मुखी लागतंय. बाहेरून बघणाऱ्याला तो दानधर्मही वाटला असता.

आणि गणेशचवथीला आमच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, त्यांच्याकडे जायच्या. इनासमेस्त आईच्या समोरच, उभ्या-उभ्या खायचे. शर्टावर सारण सांडायचं. "वयनी, आनीक एक आसा?" असं विचारायचे. आई हसायची. मला ते तेव्हा अधाशी वाटायचे. आज वाटतं, दिलेलं देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खाणं यापेक्षा मोठा आदर कोणता असतो?

कार्मेलिनबायला आमचे रिवाज कुणी शिकवले नव्हते. तिने ते आमच्या घराकडे बघून उचलले होते. आमचा दोस ती नाताळच्या खरेदीआधी करायची. "आदीं तुमचें, मागीर आमचें. मांस घरांत येवचे आदीं," असं ती आईला सांगायची. त्यासाठी म्हापशाच्या बाजारातून आणलेला वेगळा टोप, ढवळायची वेगळी लाकडी कुलेर. त्यात दुसरं काही शिजायचं नाही. आणि तो दोस ती चाखायची नाही. नैवेद्य चाखून बघत नाहीत हे तिने आईकडे पाहिलं होतं. मग शेजाऱ्याला उष्टं कसं द्यायचं? स्वतःच्या घरचा दोस ती दहादा चाखायची, आमचा फक्त अंदाजाने. जिथे खाणारे नव्हते तिथे इतका सांभाळ.

आता यातली खरी लाज सांगतो. तरुणपणी काही वर्षं मी वास्कोला नोकरीला होतो. खोलीवर चौघे राहायचो, पाळीपाळीने रांधायचो. संध्याकाळी बंदराच्या रस्त्यावर गाड्यापाशी उभं राहून चोरीस-पाव खायचो. डुकराच्या मांसाचं ते लालभडक, आंबट-तिखट सॉसेज, पावाला लागलेली चरबी. मी बोटं चाटायचो. पुढे डिचोलीला बदली झाल्यावरही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मित्रांबरोबर खात आलो आणि घरी येण्याआधी वेलची चघळत आलो. म्हणजे अडचण माझ्या जिभेची नव्हती, देवाधर्माचीही नव्हती. गाड्यावर मला ओळखणारं कुणी नव्हतं. कार्मेलिनबायच्या घरची वडी खाल्ली असती तर वाड्याला कळलं असतं. एवढाच काय तो फरक.

मित्र विचारायचे, तुझ्या शेजारी ख्रिस्ती घर आहे, मजा आहे लेका तुझी. मी म्हणायचो, "आई आहे ना घरात. तिला चालत नाही."

हे वाक्य मी किती सहज बोलायचो!

ज्या वर्षी मी खोटं बोललो, ते आईच्या शेवटच्या आजारपणातलं. ती अंथरुणाला खिळली होती. खोलीच्या खिडकीतून तिला कुंपण दिसायचं. नाताळच्या दुपारी ताट आलं, मी घेतलं, नेहमीसारखं सुपात ओतलं. आमच्या बागायतीत तेव्हा दोडामार्गाकडचा गुणाजी बेणणीला होता; काजीखालची झाडी काढत होता. सूप त्याच्याकडे गेलं. मी आत आलो तर आई जागी होती.

"कार्मेलिनीचं काय आयलं?" तिने विचारलं.

मला वाटलं, तिला काळजी लागलीय. आजारी माणूस, देव्हाऱ्याच्या भिंतीपलीकडे झोपलेली. मी तिचा हात थोपटला आणि म्हटलं, "आयलेलं. पूण तू भियेव नाका. घरात ठेवूंक ना हांवें. बागायतीत धाडलं."

आईने तोंड भिंतीकडे वळवलं. तिचा जीव भांड्यात पडला असं मी समजलो. पांघरूण नीट केलं आणि बाहेर आलो. चांगल्या मुलासारखा.

संध्याकाळी कार्मेलिनबाय भगदाडातून जवळजवळ धावतच आली. झगा बदलून घरातले कपडे घातलेले, कपाळावर घाम. काहीतरी सांगायला आली होती हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण मी अंगणात होतो, आणि शेजारधर्म पाळायची माझी घाई तिच्या धापेपेक्षा मोठी होती. तिने तोंड उघडायच्या आधीच मी म्हटलं, "कार्मेलिनबाय, दोस फस्क्लास जालो हां! आवयनूय दोन कुडके खाल्ले."

ती थांबली. धाप ओसरेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरें जालें." आणि परत गेली. मला तिच्या येण्याचं कारण विचारायचंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुणाजी कोयता धारेला लावत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "दादानू, त्यो वडयो मिठाच्योच हत्यो. कुत्र्यानसुद्धा तोंड फिरवल्यान. तुमी खाल्ल्यात नाय काय?"

मी हसलो. मग हसू तसंच तोंडावर राहिलं.

काय झालं असणार ते हळूहळू जुळत गेलं. मुलीने तिला मीठ-साखरेसाठी एकसारखे डबे आणून दिले होते. ती ते आईला कौतुकाने दाखवूनही गेली होती. शेवटी वरून घालायची मूठभर साखर चुकीच्या डब्यातून पडली. आमचा दोस, म्हणून चाखला नाही. वड्या कापून उरलेली कड संध्याकाळी कुणीतरी तोंडात घातली असणार, आणि मग ती धावत सुटली: खाऊ नका, टाकून द्या, मी दुसरा करते, असं सांगायला. आणि मी तिला सांगितलं की फर्स्टक्लास झालाय.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. पुढच्या नाताळाला, आई नव्हती तेव्हा, ताट आलं. तोच झगा, तोच क्रोशाचा रुमाल. रुमालाखाली दुकानातला केक होता, कंपनीच्या प्लॅस्टिकमधे, सील न फोडलेला. "हें तुमकां चलता आसतलें," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच सोपं करायचं होतं माझ्यासाठी. त्यानंतर दर वर्षी पाकीटच आलं. वर्षानुवर्षं आमच्यासाठी जे जपलं होतं ते तिने एका दिवसात थांबवलं, आणि एकदाही का ते विचारलं नाही. मीही विचारलं नाही. पाकीट मात्र आम्ही उघडायचो, चहाबरोबर खायचो. दुकानदाराच्या हातचं आम्हांला चालत होतं.

या वर्षी नाताळच्या तोंडावर कार्मेलिनबाय न्हाणीघरात घसरली. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लॅस्टरमधे. मुलीने फोनवरून सांगितलं, हरमलच्या एखाद्या हॉटेलातून जेवण मागवा, तिथे या दिवसांत सगळं मिळतं.

"त्या पर्यटकां वांगडा लायनीन रावूं हांव?" कार्मेलिनबाय कुंपणाशी येऊन सुनंदाला, माझ्या बायकोला, सांगत होती. "चड्डी घालून आयिल्ल्यांक जेवण दितात ते. इनासाक दात नात. ताका मोव सान्नां जाय, शाकुती जाय. दोगांक कितलें रांदपाचें गो? पूण नाताळ न्हय?"

त्याच दुपारी मी तिला बघितलं. मागच्या दारी आदोळीवर बसून डाव्या हाताने नारळ खवत होती. करवंटी निसटायची, ती पुन्हा पकडायची. अर्धा कीस मातीत. मी भगदाडातून पलीकडे गेलो आणि म्हटलं, "उठ. हांव करतां."

"तूं?" ती हसली. "तुका येता?"

"वास्कोक खोलीर हांवच रांदतालों."

घरी सांगितलं तेव्हा सुनंदा तांदूळ निवडत होती. ती बांद्याची, रागावली की तिची मालवणी धारदार होते. "त्यांच्या रांधपात जातल्यात? आणि मगे? येवन न्हातल्यात?" ती सुपाकडे बघतच म्हणाली, "मी लगीन होवन इलंय तेव्हा सासूबायनी नाय सांगल्यानी. तुमीच सांगलात, कार्मेलिनबायचा ताट इला काय बागायतीत पाठवचा. माका खावचा आसा काय, ह्या कोणी इचारल्यानच नाय."

खरं होतं ते. आईने कधी सांगितलं नव्हतं. सांगायचो मीच, आईच्या नावाने.

पन्नाशी ओलांडल्यावर मी पहिल्यांदा त्या घराच्या कुजिनीत, म्हणजे स्वयंपाकघरात, पाय ठेवला. त्याआधी बाल्कांव आणि साल, म्हणजे बैठकीची खोली, एवढंच माझं त्यांचं घर. छोटी, काळवंडलेली, स्वच्छ खोली. जनेलातून आमच्या परसातली तुळस दिसत होती. दहा माणसं बसतील असं इनासमेस्तांनी कधीतरी केलेलं मेज, आणि त्याच्या फक्त एका कोपऱ्यावर मेणकापड. बाकीच्या मेजावर औषधं, वर्तमानपत्रं, मुलीच्या लग्नाचा फोटो. भिंतीवर मोठमोठी तांब्याची भांडी टांगलेली. "तीं आतां कोण काडटा," ती म्हणाली. "धा जणांचें रांदपाक म्हाका येता. दोगांचें अजून शिकूंक ना. सदांच उरता."

दोसासाठी मी खिळ्यावरचा एक टोप काढायला हात वर केला. तळ न काळवंडलेला, तोंडावर कोळ्याचं जाळं.

"तो न्हय," ती पटकन म्हणाली. "तो तुमचो. दुसरो घे."

मी दुसरा घेतला. पाठ तिच्याकडे होती ते बरं झालं.

डाळ वाटली, नारळ वाटला. ती स्टुलावर बसून प्लॅस्टरमधला हात मांडीवर ठेवून हुकूम सोडत होती. "जाळ उणो कर. तळाक लागता. दत्ता, कुलेर घुंवडाय, खेळूं नाका." बाल्कांवातून इनासमेस्तांनी ओरडून विचारलं, कोण आहे आत? तिने ओरडून सांगितलं. त्यावर ते तितक्याच मोठ्याने म्हणाले, "भट रांदता आनी आमी खातात? कार्मेलिन, जग बुडटलें फाल्यां!" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

मिश्रण घट्ट होऊ लागलं. तो वास, जो मी कुंपणापलीकडून चोरून घेत आलो, तो आता माझ्या केसांत, शर्टात बसत होता. साखर पुरेशी आहे का हे बघायची वेळ आली. मी कुलेरीच्या टोकावर थोडं घेतलं आणि फुंकर मारली.

"तूं चाखूं नाका," कार्मेलिनबाय म्हणाली. "तुका जमचें ना. इनासाक व्हर, तो सांगतलो."

ती मला वाचवत होती. माझ्याच खोट्यापासून, इतक्या वर्षांनंतरही, स्टुलावर बसल्या-बसल्या. मी कुलेर घेऊन बाल्कांवात गेलो, म्हाताऱ्याने चाखलं, मान डोलावली. मी परत येऊन ढवळत राहिलो. माझ्याच हातचा पदार्थ, आणि त्याची चव मला दुसऱ्याच्या मानेवरून समजत होती.

मग मला वाटलं, बोलावं. ठरवून आलो होतो थोडंफार. वाक्यंही जुळवली होती. "कार्मेलिनबाय," मी म्हटलं, "तुका खबर आसतलें... आवय आसली तेन्ना घरांत मातशें सोंवळें-ओंवळें आसलें. तिका लागून—"

"तुजी आवय?" तिने मधेच तोडलं, आणि ती हसली. मोकळं, मागचं काहीतरी आवडीचं आठवून हसावं तसं. "तुजी आवय हांगाच बसून खाताली मरे. ह्या पांवड्यार." तिने डाव्या हाताने मागच्या दाराची पायरी दाखवली. "दोस थापतकच येताली. विनागर जाय, कोथमीर जाय, कितेंय निमित करून. ऊन-ऊन खाताली, केळीच्या पानार घेवन. म्हणटाली, कार्मेलिन, म्हज्या दत्ताक कळूंक दिवूं नाका हां. तो म्हज्या परस व्हड भट."

माझा हात थांबला. "घुंवडाय, घुंवडाय," ती म्हणाली.

मी ढवळत राहिलो. ती बोलत होती. आईला कडेचा, थोडा करपलेला तुकडा आवडायचा असं काहीतरी. मला ते लांबून ऐकू येत होतं. माझ्यासमोर ती खोली होती, खिडकीतून दिसणारं कुंपण होतं. पायरीपर्यंत चालत जाणं संपलेली आई होती. 'कार्मेलिनीचं काय आयलं?' तिला दोस हवा होता. मरणाच्या दारात माणसाला एखादी चव आठवते, ती तिने मुलाजवळ, जमेल तितक्या आडून, मागितली होती. आणि मी तिला सांगितलं होतं, भिऊ नको, घरात ठेवला नाही. तिने भिंतीकडे वळवलेलं ते तोंड मी इतकी वर्षं समाधानाचं समजत आलो.

त्या वर्षीचा दोस खारट होता, तिला खाताच आला नसता, असंही मनात येऊन गेलं. लगेच स्वतःची किळस आली. अजूनही मी पळवाटा शोधत होतो.

मी जुळवून आणलेली वाक्यं तिथेच चुलीत गेली. 'आईमुळे' हा शब्द काढून टाकला तर माझ्यापाशी उरलं होतं ते फारच थोडं आणि फार कुरूप.

नाताळच्या सकाळी मी पुन्हा गेलो. रात्री भिजवून, वाटून, आंबवायला माडाची सूर घालून ठेवलेलं सान्नांचं पीठ टोपाच्या वर आलं होतं. वाट्यांत घालून ती वाफवली. पांढरी, फुगलेली, किंचित आंबूस. शाकुतीसाठी धणे, मिरच्या, खसखस, बादयान म्हणजे चक्रफूल, आणि खवलेला नारळ वेगवेगळा भाजला. कार्मेलिनबाय डोळे मिटून वासावरून सांगत होती, "आनीक मातसो. आतां पुरो." अर्धी कोंबडी, अर्धा नारळ, चार सान्नां त्याला आणि चार तिला. वास्कोच्या भाचीला रजा नव्हती. तिने सोरपातेलाचा, म्हणजे डुकराच्या मांसाच्या कालवणाचा, डबा सरकारी बसमधून पाठवला होता, तो मी म्हापशाच्या स्टँडवरून आणला होता. तो गरम केला. दूर कुठल्या तरी चर्चची घंटा वाजली. दुपार होत आली. वाटेवरून नवे कपडे घातलेली पोरं स्कूटरवरून हॉर्न वाजवत गेली.

मेणकापड पुसून तिने एका हाताने मेज मांडलं. बश्या, कोप, गार्फ म्हणजे काटे, कुलेरी. मी शाकुतीचं भांडं घेऊन वळलो आणि बघितलं.

बश्या दोन होत्या.

विसरली नव्हती. मुद्दामही नव्हतं. तिच्या हिशेबी घरात जेवणारी माणसं दोन होती, आणि तिसरा माणूस रांधून आता आपल्या घरी जाऊन जेवणार होता, कारण त्याला इथलं चालत नाही. खुर्चीवर प्लॅस्टिकमधला केक तयार ठेवला होता. तो तिने माझ्या हातात दिला. "खूब उपकार जाले, दत्ता. आतां वच. सुनंदा वाट पळयता आसतली. दोस ना घालूंक, हो दुकानांतलो आसा."

इनासमेस्त येऊन बसले, टोपी काढली, क्रूस करून काहीतरी पुटपुटले आणि शाकुतीवर वाकून वास घेतला. मी तिथेच उभा. दार उघडं होतं. बाहेर आमच्या वाड्याची नेहमीची दुपार. कुणी विहिरीवर, कुणी पडवीत, आणि कुंपणापलीकडे सुनंदा आमच्या पायरीवर बसलेली.

मी पाकीट मेजावर ठेवलं. आवाज फार खाली निघाला. म्हटलं, "कार्मेलिनबाय, तो दोस मी खाल्ला नव्हता. त्या वर्षीचा नाही, कुठल्याच वर्षीचा नाही. आईनेही खाल्ला नव्हता, तिला मी दिलाच नाही. तू सांगायला आलीस आणि मी तुझ्या तोंडावर खोटं बोललो. आईचा काही दोष नव्हता. मला लोकांची भीती वाटायची. बाहेर मी सगळं खातो. फक्त तुझ्या घरचं खाल्लं नाही. मला क्षमा कर."

तिच्या हातातली कुलेर तिने मेजावर सरळ ठेवली, मग जराशी सरकवली.

"कितें म्हणटा तो?" इनासमेस्तांनी कानामागे हात धरून विचारलं.

मला वाटलं, ती सांगेल. किंवा सांभाळून घेईल, जशी आजवर घेत आली. तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत माया होती की नाही, मला सांगता येणार नाही. सूट मात्र नव्हती.

"म्हाकाच कित्याक सांगता?" ती म्हणाली. "मीठ पयलीं ताच्या तोंडांत गेल्लें. ताका आयकूंक येना. व्हडल्यान सांग."

उघड्या दारातून वाट दिसत होती. विहिरीवरची रहाटाची करकर थांबली होती, की मला तसं वाटलं. सुनंदा उठून उभी राहिली होती. ज्यांना कळू नये म्हणून मी हे सगळं केलं, ते सगळे हाकेच्या अंतरावर होते.

मी इनासमेस्तांच्या समोर गेलो, आणि वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मेस्त, तुमच्या घरचें हांवें केन्नाच खावंक ना! खाल्लें म्हूण फट उलयलों! म्हज्या आवयचें नांव सांगून! म्हाका माफ करात!"